पहाटे तीनचा अमोनिया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बालरोग विभागात दीड वर्षापासून जन्मजात चयापचय विकारांची (अन्न शरीरात वापरायला लागणारं एखादं एन्झाइम जन्मतःच नसलेली) मुलं येऊ लागली. मुलं पाच-सहाच, पण तीच पुन्हा पुन्हा दाखल होणारी. तेव्हापासून स्टाफची घडी विस्कटली आहे. एका सिस्टरने बदली मागितली आहे, दुसरी नेमकी नाइटच्या आदल्या दिवशी आजारी पडते, आणि व्यवस्थापनाने ठेवलेल्या ध्यानाच्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. यांचा ताण कमी कसा करायचा आणि बदलीच्या अर्जाचं काय करायचं, असं तुम्ही इन्चार्ज म्हणून विचारता आहात.

मी बालरोग आयसीयूत चोवीस वर्षं काम केलं, त्यातली शेवटची चौदा याच मुलांसोबत. ध्यानाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण तुमच्याकडे ते चाललं नाही याचं मला नवल वाटलं नाही. पहाटे तीन वाजता रक्तातल्या अमोनियाचा (प्रथिनांपासून बनणारा, वाढला तर मेंदूला विषारी पदार्थ) रिपोर्ट हातात येतो, पुढे काय करायचं ते सिस्टरला माहीत नसतं, सांगणारं कोणी जवळ नसतं, आणि वेळ निघून चालला आहे एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी श्वासावर लक्ष द्यायला सांगून काय होणार? दुःखाने माणूस थकतो हे खरंच, त्यावर पुढे बोलू. पण या कामात लोक आधी खचतात ते काय करायचं हे न कळल्यामुळे. म्हणून आधी बर्फ, सॅम्पल आणि औषधाच्या खोक्याबद्दल सांगते, मनाबद्दल नंतर.

या विकारांचे प्रकार हजाराच्या वर आहेत आणि प्रत्येक प्रकार दुर्मिळ. न्यूमोनियाचं मूल सिस्टरने शेकड्याने पाहिलेलं असतं, तिचे हात आपोआप चालतात. यूरिया सायकलचं, म्हणजे अमोनिया शरीराबाहेर टाकायची यंत्रणा बिघडलेलं बाळ तिला वर्षातून एकदा दिसतं. हात बसायला संधीच मिळत नाही, आणि चूक मात्र काही तासांत मेंदूपर्यंत पोहोचते.

त्याच बाळाचं बघा. जन्मतः वजन चांगलं, रडणं चांगलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, उलट्या होतात, श्वास जोराने चालतो. सगळे म्हणतात सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, आणि बहुतेक वेळा बरोबरच असतात. पण सेप्सिसच्या बाळाच्या ब्लड गॅसच्या तपासणीत अॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) अपेक्षित असतो. इथे सुरुवातीला उलटं, अल्कलोसिस (आम्ल कमी होणं) दिसतो, कारण वाढलेला अमोनिया मेंदूतल्या श्वसनकेंद्राला डिवचतो आणि बाळ कार्बन डायऑक्साइड भराभरा बाहेर टाकतं. तुमच्या सिस्टरना ही एक खूण शिकवा. डॉक्टरांना 'सर, एकदा अमोनिया पाठवू का?' असं विचारण्याचं धैर्य त्यातून येतं.

आणि मग येतं ते सॅम्पल. सगळ्या वॉर्डात याच्याइतकं बदनाम सॅम्पल दुसरं नाही. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) आवळून, झटापट करून घेतलेलं रक्त खोटा वाढलेला आकडा देतं. रक्त मोकळं वाहायला हवं, ट्यूब लगेच बर्फात जायला हवी, आणि कोणीतरी ती हातात धरून लॅबकडे निघायला हवं. बाकीच्या ट्यूबांबरोबर ट्रेमध्ये अर्धा तास पडून राहिली, तर ट्यूबमध्येच अमोनिया वाढत राहतो. आता रात्रीचं चित्र डोळ्यासमोर आणा. फ्रीझरमध्ये बर्फ नाही. वॉर्डबॉय दुसऱ्या मजल्यावर. लॅबमधला माणूस विचारतो, 'एवढी काय घाई आहे?' शेवटी आकडा येतो २४०. नवजात बाळात तो साधारण लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या आत असावा लागतो. म्हणजे हा खरा, की सॅम्पल बिघडलं? पुन्हा घ्यायचं तर त्याच सुजलेल्या हातावर तिसरी टोचणी. रेसिडेंट दुसऱ्या इमर्जन्सीत अडकलेला, कोपऱ्यात आई टक लावून बघते आहे. तुमच्या ज्या सिस्टरने अर्ज दिला, तिच्या वाट्याला अशी एखादी रात्र आली असणार, असा माझा अंदाज आहे.

हा ताण समुपदेशनाने जात नाही. तो जातो फ्रीझरमध्ये कायम भरून ठेवलेल्या बर्फाच्या पिशवीने, आणि लॅबबरोबर झालेल्या लेखी समजुतीने: अमोनियाचं सॅम्पल निघायच्या आधी फोन जाईल, ते पोहोचताच मशीनवर चढेल. आम्हाला ती समजूत कागदावर उतरवायला एक दुपार लागली आणि अमलात यायला चार महिने, कारण लॅबचे साहेब वेगळे. ते चार महिने मी दर आठवड्याला त्यांच्या दारात उभी राहिले. इन्चार्जचं खरं काम हे आहे, सत्रं भरवणं सोपं असतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलाचं इमर्जन्सी पत्र. एकच पान, लॅमिनेट केलेलं, पलंगाच्या डोक्याशी आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर. त्यात विकाराचं नाव, आजचं वजन (सहा महिन्यांपूर्वीचं नको), काय लगेच सुरू करायचं, काय अजिबात द्यायचं नाही, आणि कोणाला फोन करायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिस्टरला आगाऊ लेखी परवानगी: मूल उलट्या करतंय, मलूल आहे, तर डॉक्टरची वाट न बघता पत्रात लिहिलेलं ग्लुकोजचं सलाईन सुरू कर. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळू लागतं आणि नेमकं तेच या मुलांना विषासारखं होतं. पुरेसं ग्लुकोज मिळालं की ते थांबतं. नवजात बाळाला त्यासाठी मिनिटाला किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुकोज लागतं, नेहमीच्या मेंटेनन्सपेक्षा बरंच जास्त. हा आकडा पत्रात आधीच मिलिलिटर-प्रति-तासात काढून ठेवा. पहाटे तीनला कोणाचंही गणित चुकतं.

एक सरसकट पत्र सगळ्या मुलांना चालवू नका. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज (ग्लुकोज वापरायला लागणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या मुलाला हेच जास्तीचं ग्लुकोज दिलं तर रक्तात लॅक्टेट हे आम्ल चढतं. आणि प्रथिनं बंद केली तर पुन्हा कधी सुरू करायची तेही लिहा. साधारण २४ ते ४८ तासांच्या पुढे ती बंद राहिली तर शरीर आपलेच स्नायू फोडतं आणि अमोनिया पुन्हा वर जातो. तीन शिफ्ट बदलतात, 'प्रोटीन स्टॉप' ही नोंद तशीच पुढे सरकत राहते, आणि कोणालाच वाटत नाही की ती खोडणं आपलं काम आहे. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

औषधाच्या खोक्याबद्दल जास्त बोलत नाही. सोडियम बेंझोएट, आर्जिनीन, कार्निटीन, वजनानुसार डोसचा तक्ता, एवढं एका जागी कुलपाशिवाय मिळालं पाहिजे. आर्जिनीनच्या जादा डोसाने मुलं दगावली आहेत, म्हणून इथे दोघींनी डोस वेगवेगळा काढायचा आणि मग ताडून बघायचा. एकीने मांडलेलं गणित दुसरीने वाचून 'हो, बरोबर' म्हणणं ही तपासणी नव्हे, ती सोबत झाली. महिन्यातून एकदा वीस मिनिटं बाहुलीवर सराव घ्या, नाइटच्या मंडळींसकट. आमच्या पहिल्या सरावात खोकं कुठे आहे हेच चौघींपैकी तिघींना सांगता आलं नाही. त्यात त्या शिफ्टला आम्ही सगळ्यात अनुभवी समजत होतो.

ओव्हर देण्याबाबतही, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याबाबतही थोडं. 'आयपास' नावाची ओव्हरची ठरीव पद्धत नऊ रुग्णालयांत बालरोगाच्या निवासी डॉक्टरांना शिकवली गेली, आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या निकालात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. त्यातल्या दोनच गोष्टी उचलल्या तरी पुरे. ओव्हर घेणारीने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. आणि देणारीने 'जर-तर' सांगायचं: ताप आला तर फीडची वाट बघू नको, पत्र उघड. नाइटची सिस्टर या एका वाक्यावर बारा तास काढू शकते.

आता माझी स्वतःची गोष्ट. ग्लायकोजेन साठवणीचा पहिल्या प्रकारचा विकार असलेलं चार वर्षांचं मूल, रात्रभर नळीतून पंपाने फीड चालू. या मुलांचं यकृत साठलेली साखर रक्तात सोडू शकत नाही, पंप हेच त्यांचं यकृत. पंप वाजला. मी गेले, आवाज बंद केला, नळी सरळ केली, आणि 'सुरू'चं बटण दाबायच्या आधी शेजारच्या पलंगावरून हाक आली. पन्नास मिनिटांनी परतले तेव्हा मूल घामाने भिजलेलं, साखर २८. ग्लुकोज दिलं, मूल सावरलं, सकाळी खेळतही होतं. मला कोणीही रागावलं नाही, आणि कोणी काही विचारलंही नाही. पुढचे तीन महिने मी घरी झोपेतून उठून पंपांचा आवाज ऐकायचे. सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही, हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

आल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली अशा कर्मचाऱ्याला 'दुसरा बळी' म्हटलं. पहिला बळी अर्थातच रुग्ण. आई-बापांच्या बाजूने पाहिलं तर हा शब्द खटकतो आणि मी तो त्यांच्यासमोर कधी वापरत नाही. पण त्यामागची वस्तुस्थिती खरी आहे. माझ्या बाबतीत तीन महिन्यांनी एका ज्येष्ठ सिस्टरने चहाच्या वेळी सहज विचारलं, 'त्या रात्री तुझ्याकडे किती पंप होते?' अकरा होते. तिने तो आकडा कागदावर लिहून घेतला, आणि रोस्टर ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये मांडला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पंपाची जबाबदारी नाव घेऊन दुसरीकडे सोपवल्याशिवाय जेवायला किंवा बाथरूमला जायचं नाही, आणि सोपवली की मागे वळून बघायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण यामुळे माझ्या सिस्टर नाइटला पाणी प्यायला लागल्या. त्याआधी मुद्दाम पीत नव्हत्या.

मूल गेल्यावर काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. त्याच रात्री सगळ्यांना एका खोलीत बसवून 'काय वाटलं ते सांगा' असं सक्तीने करू नका. अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या डीब्रीफिंगचा अभ्यास झालेला आहे. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) त्याने पुढचा मानसिक आघात टळतो असं दिसलं नाही, उलट काहींना त्रास झाल्याची चिन्हं होती. आम्ही दहा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक घेतो: काय झालं, काय हाताशी नव्हतं, आत्ता घरी एकटी कोण जाणार आहे. भावनांचं ज्याला बोलायचं त्याने बोलावं, दोन दिवसांनी, आवडत्या माणसाशी. कोणाला नाहीच बोलायचं, तर त्यात बिघडलेलं काही नाही.

यापेक्षा जास्त कुरतडणारी गोष्ट वेगळी आहे. ओटीसी या यूरिया सायकलच्या एन्झाइमची कमतरता असलेला मुलगा, चौथा दिवस, अमोनिया हजाराच्या वर, डायलिसिस चालू, मेंदूला सूज. आकडा खाली येतो, मूल मात्र डोळे उघडत नाही. पलंगाशी उभी असलेली सिस्टर दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारते आणि तिला वाटतं की हे आता बाळासाठी राहिलेलं नाही. किंवा अगदी उलट, तिला वाटतं अजून प्रयत्न करायला हवे होते आणि वरून थांबवलं. नीतितज्ज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये याला नैतिक क्लेश असं नाव दिलं: योग्य काय ते दिसतं, पण व्यवस्थेमुळे तसं करता येत नाही. यावर मला सापडलेला उपाय एकच. आई-बापांबरोबरच्या प्रत्येक महत्त्वाच्या चर्चेत पलंगाशी असणाऱ्या सिस्टरची खुर्ची ठेवायची. तिचं म्हणणं मान्य झालंच पाहिजे असं नाही. पण निर्णय कसा झाला हे तिने कानांनी ऐकलेलं असलं, तर रात्री आई 'असं का केलं?' विचारते तेव्हा ती सुन्न होत नाही. डॉक्टर मंडळी आधी कुरकुरतील. कुरकुरू द्या.

पालकांबद्दल स्टाफची जी तक्रार तुम्ही लिहिली आहे, 'आया आमच्यावर पाळत ठेवतात', ती मलाही ओळखीची आहे. ग्लायकोजेन साठवणीचा विकार असलेल्या मुलाला एका सिस्टरने मायेपोटी कच्च्या कॉर्नस्टार्चचं पाणी कोमट करून दिलं, थंडीचे दिवस होते म्हणून. आई खेकसली, सिस्टर रडत स्टोअरमध्ये गेली. दोघी आपापल्या जागी समजण्यासारख्या. स्टार्च कच्चं असेल तरच ते हळूहळू पचून चार-पाच तास साखर टिकवतं. गरम पाण्यात त्याचे कण फुटतात, साखर भसकन वर जाते आणि लवकर खाली येते. आईला हे माहीत होतं, कारण ती गेली तीन वर्षं रोज रात्री दोनला आणि सहाला गजर लावून उठत होती. सिस्टरला ते कोणी सांगितलंच नव्हतं. फिनाइलकेटोन्यूरिया या चयापचय विकाराचा शोधही अशाच एका आईमुळे लागला: नॉर्वेच्या बोर्ग्नी एगेलँड आपल्या दोन मुलांच्या लघवीला येणाऱ्या चमत्कारिक वासाचं कारण वर्षानुवर्षं विचारत राहिल्या, आणि १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी ती लघवी खरोखर तपासली. म्हणून आम्ही दाखल करतानाच आईला विचारतो, 'आमच्याकडून मागच्या वेळी काय चुकलं होतं?' पहिल्यांदा हा प्रश्न विचारताना सिस्टरचा चेहरा उतरतो. दोन-चार वेळा विचारला की तीच आई तिची सगळ्यात मोठी मदतनीस होते. शिवीगाळ मात्र सहन करायची नाही, तिथे इन्चार्जने मध्ये पडायचं.

व्यवस्थापनाशी बोलताना 'स्टाफ थकलाय' असं म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या जागी नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं आहे, हे त्यांच्यासमोर ठेवा. नर्सिंग संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास ठेवा: शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मग आपल्या विभागातले पंप मोजून सांगा. पूर्वी प्रशिक्षणात मी म्हणायचे की ही मुलं उपाशी राहिली की शरीर आपलंच मांस जाळतं, तसंच स्टाफचं होतं. लोकांना ते आवडायचं. आता म्हणत नाही. मुलात एन्झाइमच नसतं, ते जन्मभर नसणार. माझ्या सिस्टरमध्ये काहीच कमी नाही, कमी आहे ती रात्रीची एक जास्तीची सिस्टर.

एक इशारा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, झोपेच्या गोळ्या स्टॉकमधून जाताहेत, 'मी नसले तर बरं' अशी भाषा येतेय, तर ते तुमच्या किंवा माझ्या हातातलं काम नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे, सोबत माणूस देऊन, आणि तिथे झालेलं बोलणं तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही अशी खात्री तिला आधी देऊन.

आता बदलीचा अर्ज. तो अडवू नका आणि लगेच पुढेही पाठवू नका. तिला एवढंच विचारा: कोणत्या रात्रीनंतर लिहिलास? बहुतेकांना तारीख पाठ असते. त्या रात्री जे हाताशी नव्हतं, बर्फ, परवानगी, दुसरी सिस्टर, ते दुरुस्त करून तिला दाखवा आणि दोन महिन्यांची मुदत घ्या. नंतरही जायचं म्हणाली तर शेरा न मारता सोडा. आणि जी नाइटच्या आधी आजारी पडते, तिच्याशी बोलण्याआधी गेल्या सहा महिन्यांचं रोस्टर काढून या मुलांच्या नाइट कोणाला किती लागल्या ते मोजा. तिला शीर पटकन सापडते म्हणून सगळ्या तिच्याच नावावर गेल्या असतील, असा मला संशय आहे. आमच्याकडे तेच निघालं होतं, आणि ते रोस्टर मीच लावलेलं होतं.